दादाचा हुंकारा

बातमी आली तेव्हा मी सेलूच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होते. वहिनीचा फोन होता. "ताई, निघा," ती म्हणाली आणि थोडं थांबून म्हणाली, "सावकाश या." तेवढ्यावरून मला कळलं. माणूस असतो तोवर लोक लवकर या म्हणतात. मी फळ्यावरचं गणित अर्धं सोडलं, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि गाडी काढली. सेलूहून वर्धा, वर्ध्याहून देवळी, देवळीहून पुलगाव... हा रस्ता मी झोपेतही सांगेन. एके काळी मी बेफाम वेगाच्या गाडीत बसून अर्धा देश पालथा घातला आहे, पण त्या दिवशी चालवली तितकी हळू गाडी मी आयुष्यात चालवली नसेल. दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली मला मागे टाकून गेल्या. घाई कशाची करायची होती? मी पोहोचले की ते खरं होणार होतं.

पुलगाव ओलांडून आर्वीच्या रस्त्याला लागलं की आमच्या घराच्या थोडं अलीकडे एक वळण लागतं. पूर्वी तिथे आर्वीला जाणाऱ्या छोट्या रेल्वेचं फाटक होतं. ती रेल्वे बंद पडली, रूळ गवतात गेले, फाटक कुणीतरी भंगारात नेलं. वळण मात्र राहिलं आणि त्याचं 'फाटक' हे नावही राहिलं. रस्ता तिथे एकदम काटकोनात उजवीकडे वळतो. त्या दिवशी तिथे आले आणि मला ते वळण घेताच येईना. पाय ब्रेकवर, हात स्टिअरिंगवर, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मागच्या ट्रॅक्टरवाल्याने दोन-तीनदा हॉर्न वाजवला आणि शेवटी बिचारा खाली उतरून आला. "मॅडम, गाडी बिघडली का?" मी नाही म्हटलं. "मंग काऊन थांबल्या?"

हाच प्रश्न माझ्या भावाला लोकांनी मरेपर्यंत विचारला... मंग काऊन थांबले?

माझा भाऊ म्हणजे मिलिंद. माझा थोरला दादा. मोटार रॅलीत तो सलग तीन वर्षं देशात पहिला आला, आणि तिसऱ्यांदा पहिला आला त्याच दिवशी त्याने शर्यत सोडली. तेव्हा त्याची चाळिशीही उलटली नव्हती. तीनही वर्षं त्याच्या शेजारच्या सीटवर मी होते, त्याआधीच्या हरलेल्या सगळ्या वर्षांतही मीच होते, त्यामुळे त्याने शर्यत सोडली तेव्हा माझीही सुटली. वर्तमानपत्रांनी त्या वेळी लिहिलं, 'शिखरावर असताना निवृत्ती'. आता तो गेल्यावर पुन्हा तेच लिहिलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात वंदना झाली, पंचशील झालं आणि मग भाषणं सुरू झाली. जो उठेल तो शिखराबद्दल बोलत होता. शिखरावर थांबायला मोठं मन लागतं, शिखरावरून पायउतार होण्याचा आदर्श, वगैरे. आमचा सगळा सपाट मुलूख, उभ्या जन्मात इथे कुणी टेकडीपलीकडे काही पाहिलं नाही, आणि ह्या लोकांना इतकं शिखर कुठून सुचतं कोण जाणे. ऐकून ऐकून मी थकून गेले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले, "दादा थकला होता, म्हणून थांबला." आणि खाली बसले. मग सूत्रसंचालक म्हणाले, "ताई भावनावश झाल्या आहेत." लोकांना बरं वाटलं.

आमचे बाबा पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोत ट्रक चालवायचे. मागे दारूगोळा भरलेला असायचा, त्यामुळे त्यांच्या गाडीचा काटा नोकरीभर वीसच्या वर गेला नाही. ब्रेक जोरात मारायचा नाही, गाडी हिसकायची नाही, पुढच्या गाडीला चिकटायचं नाही. गाडी सुरू करण्याआधी हातात पाना घेऊन तिच्याभोवती एक फेरी मारायची आणि प्रत्येक टायरवर एक ठोका द्यायचा. ठण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर हवा कमी. बाबा सुट्टीच्या दिवशी आमच्या सायकलचे टायरही ठोकून बघत. दादाने बाबांकडून बाकी काही घेतलं नाही, पण ही सवय घेतली. रॅलीत गाड्या रांगेत उभ्या असायच्या, बड्या बड्या लोकांचे मेकॅनिक हवा मोजायची यंत्रं घेऊन धावायचे आणि आमचा राष्ट्रीय विजेता पाना घेऊन टायर ठोकत फिरायचा. लोक हसायचे. तो फेरी पूर्ण करूनच बसायचा.

दादाची पहिली शर्यत बाबा बघायला आले होते. धुळीचा लोट उठवत त्याची गाडी समोरून गेली. संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी त्याला काळजीने विचारलं, "कोन मांगं लागलं होतं का रे?"

रॅली म्हणजे काय हे बऱ्याच वाचकांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. गोल मैदानात एकाच वेळी पळणाऱ्या गाड्या त्या वेगळ्या. रॅलीत डोंगरातले, जंगलातले कच्चे रस्ते काही तासांसाठी बंद करतात, त्या एकेका तुकड्याला टप्पा म्हणतात. एक-एक गाडी थोड्या थोड्या अंतराने सोडतात आणि कुणाला किती वेळ लागला ते घड्याळ सांगतं. गाडीत दोघं असतात. उजवीकडे चालवणारा. त्याला पुढचं वळण येईपर्यंत पलीकडचं काहीच दिसत नाही. डावीकडे वाचणारा. आधी एकदा त्या रस्त्यावरून हळूहळू जाऊन प्रत्येक वळणाची टिपणं करू देतात आणि शर्यतीच्या वेळी डावीकडच्याने ती टिपणं हेल्मेटमधल्या माईकवरून चालवणाऱ्याच्या कानात वाचायची. वाचणाऱ्याने बाहेर बघायचंच नसतं. झाड अंगावर आलं तरी मान वर करायची नाही, कारण मान वर केली की ओळ चुकते आणि ओळ चुकली की झाड खरंच अंगावर येतं.

मी त्या डाव्या सीटवर बसले त्याचं कारण अगदी साधं आहे. दादाचा पहिला जोडीदार नागपूरचा होता, चांगला शिकलेला. हलत्या गाडीत वाचलं की त्याला उलटी व्हायची. दोन रॅली त्याने निभावल्या आणि हात जोडले. दादा तडक माझ्याकडे आला. मी तेव्हा नुकतीच सेलूच्या शाळेत लागले होते. "नंदे, आष्टीच्या एसटीत तू वाचत बसे ना? तुले कधी उलटी झाली का?" मी म्हटलं, नाही. "मंग चाल." एवढीच माझी परीक्षा. नंतर लोकांनी मला धाडसी वगैरे म्हटलं, पण माझं धाडस म्हणजे एसटीत न मळमळणारं पोट होतं.

सगळीकडे वळणांना आकडे देतात. एक म्हणजे अगदी आवळलेलं वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. आम्ही तसं करून पाहिलं, पण मी "तीन" म्हटलं की दादाच्या डोक्यात काही उमटायचं नाही. मग एकदा वैतागून मी म्हणाले, "अरे, आपल्या फाटकासारखं आहे ते," आणि त्याच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला. त्यानंतर आम्ही वळणांचे आकडे सोडले, मधल्या अंतराचे मीटर तेवढे ठेवले. काटकोनातलं वळण म्हणजे फाटक. गावातल्या कापसाच्या गिरणीच्या भिंतीला वळसा घालून रस्ता जातो तसं लांब, मोकळं वळण म्हणजे गिरणी. आणि आधी सोपं वाटून पुढे आवळत जाणारं म्हणजे विहीर, कारण आष्टीच्या वाटेवर मावशीच्या विहिरीपाशी तसं एक वळण होतं. तामिळनाडू असो की अरुणाचल, आम्ही पुलगाव-आष्टीचाच रस्ता चालवत होतो. "शंभर, डावी गिरणी, उतार, लगेच उजवं फाटक..." मी वाचत जायचे आणि गाडी वळत जायची. दादा टप्प्यात एक अक्षर बोलत नसे. गाडीच उत्तर द्यायची. माझा शब्द पुरा व्हायच्या आत माझं अंग एका बाजूला झुकलेलं असे, म्हणजे समजायचं की त्याला पोहोचलं. दहाएक वर्षं मी त्याच्याशी असं बोलले. इतकं कुणी कुणाशी बोललं नसेल आणि इतकं कुणी गप्प राहून ऐकलं नसेल.

माझं लग्न झालं नाही. रॅलीशी त्याचा काही संबंध नाही, पण लोकांना तेच कारण आवडतं.

शेवटची रॅली कर्नाटकात होती, कॉफीच्या मळ्यांमधून. तिसरं विजेतेपद समोर दिसत होतं आणि शेवटचा टप्पा राहिला होता. टायर ठोकून झाले, आम्ही बसलो, पट्टे आवळले, सुटलो. पहिलंच वळण मी वाचलं, "ऐंशी, उजवी गिरणी," आणि कानात आवाज आला, "हं." मला आधी कळलंच नाही. पुढचं वाचलं, पुन्हा "हं." लहानपणी मी मोठ्याने धडे वाचायचे आणि दादा आडवा पडून हुंकारा द्यायचा. हुंकारा थांबला की समजायचं, झोपला. मला तेच आठवलं. वाटलं, स्वारी खुशीत आहे आज. संपूर्ण टप्पाभर तो हुंकारा देत होता... फाटक, हं. विहीर, हं. मला इतका आनंद झाला होता की मी गाणं म्हटल्यासारखी वाचत होते. टप्पा संपला. घड्याळात सगळ्यात कमी वेळ आमचाच.

बक्षीस झालं, हार झाले. पत्रकारांनी पुढच्या वर्षाचं विचारलं तर दादा म्हणाला, "आता बस झालं." सगळे हसले. मीही हसले. त्याने हेल्मेट पिशवीत घातलं, पिशवीची नाडी ओढून गाठ मारली, आणि ती गाठ त्याने पुन्हा कधी सोडली नाही.

परतीच्या रेल्वेत मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "थकलो वं."

"थकला तर झोप. महिनाभर झोप."

"तसं नाई."

"मग कसं?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मी वर्ध्याला उतरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर नंतरही कितीतरी दिवस धड बोलले नाही.

मग गावात कारणांचा सुकाळ झाला. त्याचा गुडघा गेला, पैसे लावणाऱ्या कंपनीशी बिनसलं, बायकोने शपथ घातली. वहिनी तर रडकुंडीला आली होती. "मी काऊन शपथ घालू, बाप्पा? घरी राह्यले का दिवसभर चहा मांगतेत!" पुण्याहून गाडीवाले मोठे साहेब आमच्या ओट्यावर येऊन बसले, चहा प्यायले, विनवण्या करून गेले. दादा त्यांना फाटकाच्या वळणापर्यंत पोहोचवून आला. थकलो हे त्याचं कारण कुणालाच चाललं नाही. हरलेला माणूस थकला म्हटलं तर लोक मान डोलावतात, पण जिंकलेल्याला थकायची मुभा नसते. मी तर त्याची बहीण, मी रोज थकणाऱ्या बायकांच्या घरात वाढले, तरी मलाही ते चाललं नाही.

कारण माझं काय? दादाला लोक ओळखत होते, थांबला तरी तो विजेता राहणार होता. वाचणारीचं नाव बक्षिसावर कोरतात, पण वाचत कुणी नाही. ज्या एका गोष्टीत मी देशात पहिली होते ती त्याने मला न विचारता बंद केली होती. मी हट्टाने पुण्याच्या एका तरुण ड्रायव्हरबरोबर एक रॅली केली. मुलगा फार सभ्य, मला मॅम म्हणायचा. त्याच्यासाठी मी आकडे पाठ केले आणि निम्म्या टप्प्यापर्यंत नीट वाचलेही. मग एका उतारावर समोर काटकोन आला आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "उजवं फाटक!" तो ओरडला, "काय?" आणि आम्ही सरळ जाऊन उसात बसलो. कुणाला लागलं नाही. ऊस बाजूला सारत बाहेर येताना तो म्हणाला, "मॅम, फाटक कुठे होतं?" काय सांगणार त्याला! मला दुसऱ्या कुणासाठी वाचता येणार नाही हे मला त्या उसात उभ्या उभ्या कळलं. मी घरी आले आणि शाळेत पूर्ण वेळ गणित शिकवायला लागले.

दादाने पुलगावात मोटार ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एकच गाडी, शिकवायची असते तशी, डावीकडेही ब्रेक असलेली. डेपोतल्या लोकांच्या बायका, दवाखान्यातल्या परिचारिका, निवृत्त झालेले कारकून... तीसच्या वेगाने तो त्यांना आर्वीच्या रस्त्याने नेऊन आणायचा. मला ते बघवत नसे. एकदा त्याच्या गाडीत मागे बसून गेले होते. चालवणाऱ्या बाई घामाघूम, समोरून एसटी येत होती, आणि दादा डाव्या सीटवर अगदी आरामात. "येऊ द्या तिले, तुम्ही तुमच्या जाग्यावर राहा. हां... गेली का नाई?" एसटी गेली. नंतर मी विचारलं, ब्रेक का नाही मारला? म्हणाला, "ब्रेक माह्या पायाखाली हाय हे त्यायले माईत असलं म्हणजे झालं. मारावा नाई लागत."

बरीच वर्षं गेली. एका सुट्टीत आम्ही दोघं त्याच गाडीने आष्टीला निघालो होतो. मावशीकडे जायचं होतं, बाजाराचा दिवस होता. मी चालवत होते, तो डावीकडे. मावशीच्या विहिरीचं ते वळण आलं आणि मी त्याला पुन्हा विचारलं. किती वेळा विचारलं असेल त्याची गणती नाही, आणि मीही आता उत्तरासाठी विचारत नव्हते. पण त्या दिवशी तो बोलला.

"त्या दिवशी मले तुया आवाज ऐकू आला, नंदे."

"म्हणजे? मग इतकी वर्षं काय ऐकत होतास?"

"काईच नाई. रस्ता दिसे. तू फाटक म्हणे अन् माहे हात फिरून गेलेले राहेत. तू काय म्हणाली हे मले मांगून आठवे. त्या दिवशी तू फाटक म्हणाली, मी ते ऐकलं, हं म्हटलं, अन् मंग हात फिरवले." समोर बैलजोडी होती, ती मी जाऊ दिली. "पुऱ्या टप्प्यात तसंच झालं. मी कान देऊन राह्यलो होतो."

"पण सगळ्यात कमी वेळ आपलाच होता ना दादा!"

"घड्याळाले उशिरा समजते वं."

मी म्हणाले, अजून एक वर्ष तरी जिंकलो असतो. तो म्हणाला, कदाचित दोन वर्षं. मी म्हणाले, मग? त्यावर त्याने डाव्या दाराच्या काचेवर बोटाने टकटक केलं. "तू खाली पाहून वाचत राहे. तुले काई दिसत नव्हतं. झाड आलं असतं तं ते ह्या अंगाले आलं असतं. ह्या अंगाले तू होती."

मला रडू आलं नाही, राग आला. मी म्हणाले, "मला विचारायचं होतंस. माझ्या बाजूचं झाड होतं ना, मग मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तं तू काय म्हटलं असतं?"

"चल म्हटलं असतं."

"म्हणून नाई विचारलं."

आष्टीच्या बाजारात आम्ही मावशीसाठी भाजी घेतली, तिच्याकडे जेवलो आणि संध्याकाळच्या आत परत आलो. पुन्हा हा विषय निघाला नाही. मला ह्यातलं काही मांडवात सांगता आलं नसतं. शिखर वगैरे काही नव्हतं. त्याला शब्द ऐकू यायला लागले होते आणि डावीकडे बहीण बसलेली होती, म्हणून तो थांबला. हे उत्तर माझ्यासाठी पुरेसं आहे का? खरं सांगते, नाही. आजही वाटतं, त्याने विचारायला हवं होतं. तो गेल्यामुळे माझा राग गेला असं म्हणण्याची रीत आहे, पण माझा गेला नाही. तो राग फक्त थकला आहे, माझ्यासारखाच.

गेल्या पावसाळ्यानंतर दादाच्या पोटात गाठ निघाली. वर्ध्याच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. शेवटी डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, घरी न्या. मी त्याला आणायला गेले. वहिनी मागच्या सीटवर औषधांची पिशवी घेऊन बसली. दादाला पुढे डावीकडे बसवलं. मी गाडी सुरू करणार तेवढ्यात म्हणाला, "टायर?" मग मी खाली उतरले, पाना घेतला आणि दवाखान्याच्या आवारात सगळ्यांच्या देखत चारही टायर ठोकून आले. तो आतून कान देऊन ऐकत होता. "मांगचा उजवा थोडा कमी हाय," म्हणाला. होता खरा.

देवळी मागे गेलं तसे त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. आणि एकदम हळू आवाजात त्याने वाचायला सुरुवात केली. हातात कागद नाही, डोळे बंद. "दोनशे. डावी गिरणी. मोकळी हाय, जाऊ दे." खरोखरच समोर डावं वळण होतं. मी वळले. "शंभर. उजवी विहीर, आवळते, आवळते..." मी वळले. मागे वहिनी तोंडाला पदर लावून बसली होती. पुलगाव आलं, स्टेशनचा गोंगाट आला आणि गेला, आर्वीचा रस्ता लागला. "पन्नास. उजवं फाटक."

"हं," मी म्हणाले आणि वळले.

डोळे न उघडता तो हसला. "हं नोको म्हनू वं. उशीर होते."

त्यानंतर आठवडाभरात तो गेला.

आता हे सेलूच्या माझ्या खोलीत बसून लिहितेय आणि ती दोन ब्रेकांची गाडी खिडकीखाली उभी आहे. परवाच्या रविवारी मी एसटीने पुलगावला गेले होते, तेव्हा वहिनीने तिची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ताई, तुम्ही न्या. मले कायले लागते दोन-दोन ब्रेकची गाडी?" मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. डावीकडचं दार उघडून मी उगाच आत डोकावले. उजवीकडच्या ब्रेकचं रबर शेकडो शिकाऊ पायांनी झिजून गुळगुळीत झालं होतं, डावीकडच्या ब्रेकचं रबर दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं. इतकी वर्षं त्याने पाय नुसता जवळ ठेवला होता.

पाना डिकीत होता. मी गाडीभोवती फेरी मारली. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती. चारही ठण्ण वाजले तेव्हा ती आत गेली. मी निघाले. डोक्यात काहीबाही चाललं होतं, सातवीचं ते फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित कुणी पूर्ण केलं असेल का, घरी दूध आहे की नाही, असलंच. येताना उजवं असतं ते फाटक जाताना डावं येतं. ते आलं कधी हे मला कळलं नाही. कुणी काही म्हणालं नाही, मीही कुणाच्या म्हणण्याची वाट पाहिली नाही, आणि स्टेशनकडे जाणारा सरळ रस्ता समोर दिसला तेव्हा लक्षात आलं की माझे हात फिरून गेले आहेत. मी आरशात पाहिलं. वळण मागे पडलं होतं. डावी सीट रिकामी होती.

"हं," मी म्हणाले.